उजवीकडचा पडदा

अपडेटनंतर काहीच उरलं नाही.
म्हणजे यंत्र सुरू होतं, पंखा घुरघुरतो,
पासवर्डही मुकाट्याने घेतो,
आणि मग काळं.
त्या काळ्यात माऊसचा बाण तेवढा फिरतो,
दार उघडं आणि घरात कुणी नाही
अशा वेळी पाहुणा फिरतो तसा.

सूचना होती, पहिल्याच पानावर, ठळक:
हे डेस्कटॉप प्रायोगिक आहे,
रोजच्या कामाला वापरू नये.
पण मला आता रोजचं काम कुठलं?
एकतीस वर्षं सामुद्रधुनीच्या काठी, रेडिओच्या खोलीत,
जहाजांच्या हाकांना ओ देत बसलो.
निवृत्तीनंतर माणसाने
काहीतरी मोडकं जवळ बाळगावं.

बाहेर पुंता अरेनासचा वारा.
चौकात दोर बांधलेत,
लोकांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
मीही एक धरला: कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन.
काळ्यावर पांढरी अक्षरं आली.
चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत,
नुसता उघडमीट करणारा कर्सर.
याच्याशी बोलता येईल, म्हटलं.

वही काढली. जुनी, रकाने आखलेली.
०१:१० ग्राफिक्सचा ड्रायव्हर मागे नेला. फरक नाही.
०१:३५ जुना कर्नल. फरक नाही.
०२:०५ कॅश पुसली. फरक नाही.
०२:२० किटली ठेवली.

शेजारची दानित्सा बेकरीत जायला अडीचला उठते.
दिवा पाहून डोकावली, डोक्याला रुमाल, हात अजून स्वच्छ.
"एवसेबियो, चालणारं घे ना एखादं."
"चालणाऱ्याकडे बघत बसून काय करू?"
"झोपायचं," म्हणाली, आणि दोर धरून गेली.

मग नोंदी वाचल्या, सगळ्या, सावकाश,
खरखरीतून एखादी बोट वेचावी तशा.
चूक कुठेच नव्हती.
पॅनेल सुरू झालं, म्हणे. घड्याळ सुरू झालं.
टर्मिनल नऊ वेळा उघडलं.
खरंय, नऊ वेळा दाबलं होतं मी, शेवटी शेवटी चिडून.
सगळं जागच्या जागी, नीट मांडलेलं
एचडीएमआय-दोनवर. मुख्य पडदा. उजवीकडे.

उजवीकडे भिंत आहे.
टेबलावर धुळीत एक लख्ख चौकोन,
स्टँडच्या पायाएवढा.
तो पडदा शिमेना घेऊन गेली, मार्चमध्ये.
माझ्याच ब्लँकेटमध्ये गुंडाळून
ओसोर्नोच्या बसमध्ये मीच चढवला.
जुनी आवृत्ती आधी बघायची, पडदा आहे का.
नवी विश्वास ठेवते.
रात्रभर माझ्यासाठी खिडक्या उघडत होती
भिंतीत.

फाईल उघडली. ती ओळ सापडली.
डी दोनदा दाबलं की ओळ जाते.
एकदा दाबलं.
मग एस्केप, आणि ओळीच्या आधी नुसता एक हॅश.
हॅशच्या पुढचं यंत्र वाचत नाही.
माणसाला वाचता येतं.

०३:४८ पॅनेल आलं, जरा वाकडं. आवाजाचं चिन्ह बेपत्ता.
किटलीतलं पाणी आटलं, बूड काळं.
दोष पुन्हा घडवायचा असल्यास:
दुसरा पडदा जोडावा.
त्यालाच मुख्य म्हणावं, सहा वर्षं.
मग काढून न्यावा, आणि कुणाला सांगू नये.

घड्याळ तीन तास पुढे आहे, ग्रीनिचची वेळ दाखवतंय.
ते दुरुस्त करणार नाही.
रेडिओच्या वहीत आम्ही तीच लिहायचो,
म्हणजे कुठलंही जहाज कुठेही असो,
निदान किती वाजले यावर
वाद नको.